विहिरीकडे सरकणारी सावली

मामानं मस्कतहून आणलेला तो खेळ साबणाच्या वडीएवढा होता. मध्ये राखाडी काचेची खिडकी, दोन्ही बाजूंना एकेक बटण. खिडकीत टोपली घेतलेला एक काळा माणूस उभा असायचा आणि वरून सफरचंदं पडायची. डावं बटण दाबलं की तो डावीकडे सरकायचा, उजवं दाबलं की उजवीकडे. सफरचंद टोपलीत पडलं की बारीक 'टीक' व्हायचं. तीन सुटली की लांब आवाज यायचा आणि खेळ संपायचा. त्या काळी आमच्या गल्लीत टीव्हीसुद्धा दोनच घरांत होते. त्यामुळे हातात धरून खेळायची खिडकी ही आमच्या घरी आलेली मोठीच गोष्ट होती.

ती खेळायची माझी धाकटी बहीण. तेव्हा ती पहिलीत होती आणि मी नववीत. मला तो खेळ पहिल्या दिवसापासून आवडला नाही. कारण सांगता आलं नसतं. एकदा ती जेवणाच्या ताटासमोर बसून खेळत होती, आणि तिच्या मांडीवर झुरळ चढलं. झुरळाला घाबरून घर डोक्यावर घेणारी मुलगी ती. पण तिला कळलंच नाही. ते तिच्या फ्रॉकवरून चालत कोपरापर्यंत गेलं. मी ते झटकलं तेव्हा तिनं मान वर केली नाही, फक्त म्हणाली, "हलवू नको ना." मला झुरळाची नाही, तिची भीती वाटली.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही मोठ्या बाबांकडे रोडग्यांच्या जेवणाला गेलो. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. कळमेश्वरच्या पुढे त्यांची संत्र्याची बाग होती. दर हिवाळ्यात एक दिवस सगळं घर बागेत जायचं. कणकेचे पातळ थर तेल लावून एकावर एक ठेवायचे, त्यांचे गोळे करायचे, गोवऱ्या पेटवून त्यांचा आर, म्हणजे निखारे, झाला की त्यात ते पुरायचे. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. घरी जेवलो असतो तर अर्ध्या तासाचं काम, पण बागेत त्याला सबंध दिवस लागायचा आणि तेच सगळ्यांना हवं असायचं.

एसटीत बहिणीला खिडकीजवळची जागा दिली होती, पण तिनं एकदाही बाहेर पाहिलं नाही. पुढच्या बाकावरचा एक पागोटेवाला म्हातारा मागं वळून वळून पाहत होता.

"काय हाये गा हे?" त्यानं बाबांना विचारलं. "घड्याळ हाये का?"

"खेळ आहे. परदेशातला."

"अन् हा मानूस त्याच्यात काय करून राहिला?"

"फळं झेलतो."

म्हाताऱ्यानं थोडा वेळ पाहिलं. "दिवसभर?"

"दिवसभर," बाबा म्हणाले.

"खाते कवा मंग?"

सगळे हसले. बाबाही हसले. बहिणीनं ऐकलं नव्हतं.

बागेतली झाडं दाट होती. त्यांच्याखाली गारवा आणि अंधार असायचा. बागेच्या टोकाला विहीर. दगडानं बांधलेली, खोल, आणि तीन बाजूंनी माझ्या कमरेएवढा कठडा. चौथी बाजू उघडी. पूर्वी बैल जुंपून तिथून मोट ओढायचे. भरलेलं चामडं वर येऊन पाणी ओतायला वाट हवी, म्हणून त्या बाजूला कठडा ठेवलाच नव्हता. बैलांना चालायची मातीची उताराची वाट, म्हणजे धाव, तिथून खाली बागेपर्यंत येत होती. पुढे विजेची मोटर बसली, मोट गेली, बैल गेले, पण ती उघडी बाजू बांधायचं कुणाला सुचलं नाही. धावेच्या वरच्या टोकाला, विहिरीच्या तोंडापासून थोडं अलीकडे, एक बाभूळ होती.

गेल्यावर मोठ्या आईनं, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोनं, आधी विहिरीजवळच्या दगडाला हळदकुंकू वाहिलं. मग आम्हा मुलांना समोर उभं करून दरवर्षीचं सांगणं सांगितलं.

"हिरीपाशी कोनी कोनाले नावानं हाक मारायची नाही. ध्यानात हाय ना वं? हिर नाव आयकते. आयकलं का मंग मागते."

माझा चुलतभाऊ दहा वर्षांचा होता. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "हिले सांगू नका, हे मॅडम हाय. हिले इंग्लिशमध्ये सांगा."

मोठी आई त्याला ओरडली आणि मग स्वतःही हसली. मी काही बोलले नाही. माझ्या इंग्रजी शाळेत मराठी बोलल्यावर दंड व्हायचा, आणि इथं मी मराठी बोलले की वाक्य संपायच्या आत कुणीतरी चिडवायचं. दोन्हीकडे गप्प राहणं सोपं होतं. तोपर्यंत मला त्याची सवय झाली होती.

पण त्या दिवशी मी बोलले. दोनदा बोलले.

झालं असं, की झाडाखाली त्या राखाडी खिडकीतला माणूस दिसेना. खेळाला स्वतःचा उजेड नव्हता. सावलीत आकृत्या विरून जायच्या, आणि भर उन्हात काच चकाकून काहीच दिसायचं नाही. बहीण खेळत खेळत उठली आणि उजेड शोधत चालायला लागली. मान खाली, अंगठे बटणांवर. झाडांच्या ओळीतून ती बाहेर पडली, उन्हात थबकली, वळली, पुन्हा थोडी चालली. पाय आपापले जात होते, ती त्यांच्याबरोबर नव्हती. शेवटी ती धाव चढून बाभळीखाली गेली आणि तिथं उभी राहिली. बाभळीची सावली विरळ असते. ना पूर्ण ऊन, ना पूर्ण अंधार. तिथं तिला हवा तसा उजेड मिळाला.

मी आईकडे गेले. आई मोठ्या आईसोबत गोळे वळत बसली होती.

"आई, तिच्याकडून तो खेळ घे."

"का?"

"ती विहिरीकडे गेली आहे."

आईनं मान वर करून पाहिलं. "बाभळीखाली आहे की. राहू दे. हातात ते असलं की एका जागी तरी बसते. नाहीतर आत्तापर्यंत आरात हात घातला असता."

"ती एका जागी बसत नाही," मी म्हणाले. "ती चालते. तिला कळत नाही की ती चालते."

मोठी आई म्हणाली, "काहून भेतं वं इतकी? आमचे सारे पोट्टे याच हिरीवर लहानाचे मोठे झाले. एक तरी पडला का?"

मला म्हणायचं होतं की ते पोट्टे विहिरीकडे बघत होते. त्यांना विहीर माहीत होती, ते तिच्यात दगड टाकायचे, पाण्याचा आवाज ऐकायचे, तिला भ्यायचे. हिला विहीर आहे हेच माहीत नाही. ही इथं नाहीच आहे. पण हे सगळं मराठीत एकामागून एक मांडेपर्यंत मोठी आई गोवऱ्यांकडे वळली होती.

बाबा आणि मोठे बाबा बागेच्या दुसऱ्या टोकाला झाडांवरचा बार, म्हणजे या हंगामाची फळं, पाहत होते. मी तिथवर गेले. बाबांनी बोलणं न थांबवता माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी उभी राहिले. संत्र्यांच्या फांद्यांना टेकू लावायचं बोलणं चाललं होतं आणि ते संपेना.

"बाबा, ती विहिरीजवळ खेळते आहे."

"मग तू थांब तिच्याजवळ," बाबा म्हणाले. "मोठी आहेस ना."

म्हणून मी धावेच्या निम्म्यावर एका दगडावर जाऊन बसले. वर जाऊन तिचा हात धरायला हवा होता असं वाटेल. तो प्रयत्न मी केला होता. तिनं कोपर हिसकावलं आणि झटक्यात पाठ फिरवून दोन पावलं पुढं गेली, विहिरीच्या दिशेनं. खेळ कुणी मागायला आलं, घ्यायला आलं, नुसतं जवळ आलं, तरी ती पाठ फिरवून दूर सरायची. घरी त्याचं हसू यायचं. इथं पुढं विहीर होती. मी मागं फिरले, आणि मी गेलेली पाहून ती पुन्हा बाभळीखाली आली. तेव्हा मला कळलं की मी जवळ नसणं हेच बरं आहे, आणि लांब असणंही बरं नाही.

ती उन्हाकडे तोंड करून उभी होती. पाठ केली की तिचीच सावली काचेवर पडायची, म्हणून. उन्हाकडे तोंड म्हणजे बाभळीकडे तोंड, आणि बाभळीकडे तोंड म्हणजे विहिरीकडे पाठ.

आधी मला वाटलं की ती स्थिर उभी आहे. बराच वेळ तसंच वाटलं. मग माझ्या लक्षात आलं की मघाशी तिच्या टाचेजवळ जो पांढरा खडा होता, तो आता तिच्या चपलेच्या पुढं आहे.

ऊन कलत होतं. बाभळीची सावली लांबत होती, आणि ती सावलीबरोबर मागं सरकत होती. ऊन काचेवर आलं की अर्धं पाऊल मागं. पुन्हा आलं की पुन्हा अर्धं. तिला ते करायला विचार करावा लागत नव्हता. खिडकीतला माणूस डावीउजवीकडे सरकत होता, आणि ती मागं.

टीक. टीक. टीक.

मी सावलीचं टोक पाहिलं. ते विहिरीच्या उघड्या बाजूच्या दगडावर पोचलं होतं.

खाली बागेत आई आणि मोठी आई आरातून रोडगे काढत होत्या, कापडानं राख झटकत होत्या. हसण्याचा आवाज येत होता. इतक्यात चुलतभाऊ माझ्या मागून आला.

"तिचे तीन गेले का नाही अजून? माही पाळी हाय. केव्हाची खेळून राहिली थे."

"जाऊ नकोस," मी म्हणाले.

"काहून नको? पाळी हाय माही." आणि तो धाव चढायला लागला.

मी त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं. आतापर्यंत मी त्याला कधी हात लावला नव्हता, त्याच्याशी एक शब्द धड बोलले नव्हते. तो चकित होऊन थांबला. मी बोट वर केलं. त्यानं तिकडं पाहिलं. बहिणीच्या टाचा आणि दगडाचा काठ यांत आता तिच्या शाळेच्या पट्टीएवढं अंतर असेल, जास्त नाही. दगडांपलीकडे काहीच नव्हतं. कबुतरं आतून उडून वर यायची, एवढंच.

त्यानं तोंड उघडलं आणि लगेच दोन्ही हातांनी दाबून धरलं. त्याला नाव घ्यायचं नव्हतं.

मी खाली पाहिलं. आई उभी राहिली होती. तिच्या हातात राखेनं भरलेला रोडगा होता. तिनंही पाहिलं होतं. तिचं तोंड उघडं होतं, आणि मोठ्या आईनं तिचा दंड घट्ट धरला होता. मोठी आई काय म्हणते ते ऐकू येत नव्हतं, पण मला माहीत होतं. नाव नको घेऊ. नाव नको घेऊ वं. आईच्या गळ्याच्या शिरा मला तेवढ्या लांबून दिसल्या. माझ्या बहिणीचं नाव तिच्या तोंडात होतं आणि ती ते गिळत होती.

विहीर नाव ऐकते यावर माझा विश्वास नव्हता. पण हाक मारली तर ती दचकेल, आणि दचकली की ती मागं सरते, यावर होता. तेव्हा मलाही हाक मारता येणार नव्हती. धावत जाता येणार नव्हतं. खेळ मागता येणार नव्हता.

मी खाली बसले. जमिनीवर, मातीत. का बसले सांगता येत नाही. उभं राहिलेलं माणूस घ्यायला आलेलं वाटतं, म्हणून असेल.

मग घरी विचारायचे तशा साध्या आवाजात विचारलं, "किती झाले?"

तिला शंभरापुढचे आकडे वाचता येत नव्हते. खेळ रंगात आला आणि खिडकीच्या कोपऱ्यात तीन आकडे उमटले की ती माझ्याकडे यायची, डोळे न उचलता, आणि काच माझ्या नाकासमोर धरायची. मी वाचून दाखवायचे. तेवढ्या एका कामासाठी तिला मी लागायचे.

"थांब," ती म्हणाली.

टीक. टीक.

"किती झाले ते तरी सांग."

"थांब म्हटलं ना. पडतील."

ऊन पुन्हा काचेवर आलं असावं. तिनं मान तिरकी केली. उजवा पाय उचलला. मी त्या पायाकडे पाहत होते. मला आजही तो पाय दिसतो. निळी रबरी चप्पल, तिचा एक पट्टा सैल, आणि टाचेखाली काही नाही. चप्पल दगडाच्या कडेवर टेकली. अर्धी टेकली. एक बारीक खडा सुटला. तो पाण्यात पडल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की मला वाटलं, आता येणारच नाही. मग आला.

तिनं ऐकला नाही.

माझ्या शेजारी चुलतभाऊ मातीत बसला होता, केव्हा बसला कळलं नाही. तो हुंदके दाबत होता. मी परत विचारलं. या वेळी माझा आवाज मला माझा वाटला नाही. "शंभर तरी झाले का? मला नाही वाटत."

"झालेत," ती रागानं म्हणाली. "शंभरच्या वर झालेत. तीन नंबर आलेत."

"खोटं."

"खोटं नाही." आणि मग खिडकीतून तो लांब आवाज आला. तिसरं सफरचंद सुटलं होतं. माणूस मेला होता, किंवा त्याला जे काही होतं ते झालं होतं. ती पाय आपटेल अशी मला भीती वाटली. हरल्यावर ती पाय आपटायची.

तिनं पाय आपटला नाही. आकडा अजून काचेवर होता आणि तो पुसायच्या आत मला दाखवायचा होता. ती पुढं आली. एक पाऊल, दुसरं, बाभळीखालून, उतारावरून, डोळे काचेवर. माझ्यापर्यंत आली आणि तिनं काच माझ्या नाकासमोर धरली.

"वाच. बघ."

मी दोन्ही हातांनी तिला कमरेला धरलं. आकडा मला दिसत नव्हता. काहीतरी वाचल्यासारखं केलं.

"चूक," ती म्हणाली. "परत वाच. आणि दुखतंय, सोड."

त्यानंतर सगळे एकदम आले. आई आली, राखेच्या हातांनीच तिला उचललं आणि तिच्या पाठीवर धपाटा घातला. मग तो हात तिथंच ठेवला. बाबा धावत आले, त्यांना मध्येच कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी खेळ तिच्या हातातून ओढला आणि विहिरीत टाकायला हात उगारला. बहिणीनं असा टाहो फोडला की बागेतले पक्षी उडाले.

"टाकू नका," आई म्हणाली.

"आत्ता तर ती..."

"टाकू नका म्हणते ना. त्यानं काय केलं?" आणि आई वळली. मोठे बाबा मागं उभे होते. आई त्यांच्यासमोर नेहमी डोक्यावर पदर घेऊन, खाली पाहून उभी राहायची. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण थोरल्या दिराशी ती थेट बोललेली मी पाहिली नव्हती. पदर खांद्यावर घसरला होता. तो तिनं सावरला नाही.

"भाऊजी, ती बाजू बांधून घ्या."

मोठे बाबा विहिरीकडे पाहत होते. मग ते बाबांना म्हणाले, आईला नाही, "तिले सांग, बांधून घेतो."

"आज," आई म्हणाली.

"तिले सांग, आजच्या आज काट्या टाकतो. दगडाचं काम मंग करू."

जेवण गार होत होतं. मोठ्या बाबांनी कुऱ्हाड आणली आणि बाभळीच्या फांद्या तोडल्या. बाबा आणि ते दोघं मिळून त्या ओढत नेऊन उघड्या बाजूवर रचत होते. चुलतभाऊ काटे टोचत असूनही एकेक फांदी ओढत होता. त्यानं पाळी मागितली नाही. मोठी आई माझ्याशेजारी येऊन बसली, तिनं माझ्या पायावरची माती पुसली आणि म्हणाली, "बरं झालं वं, नाव नाही घेतलं." मी मान हलवली. तिला जे वाटत होतं आणि मला जे वाटत होतं ते एक नव्हतं, पण त्या वेळी मला ते समजावून सांगायचं नव्हतं. मला फक्त रडायचं होतं आणि ते इतक्या लोकांत जमत नव्हतं.

आम्ही जेवलो. रोडगे फोडून त्यात तूप घातलं. मी खाल्लं, पण चव आठवत नाही. बहीण आईच्या मांडीवर बसून खेळत होती. आई तिला भरवत होती, आणि ती घास न पाहता तोंड उघडत होती. बाबा एकदा काहीतरी म्हणणार होते, पण आईकडे पाहून थांबले.

परतीची बस भरलेली होती. बहिणीच्या फ्रॉकला मागं बांधायचे दोन बंद होते. आईनं ते सोडले होते आणि दोन्ही आपल्या मनगटाभोवती गुंडाळून मुठीत धरले होते. बहिणीला ते माहीत नव्हतं. ती खेळत होती. हळूहळू उजेड गेला. तिनं काच डोळ्यांजवळ नेली, खिडकीकडे वळवली, पुन्हा जवळ नेली. "दिसत नाही," ती म्हणाली, आणि कितीतरी वेळानं बाहेर पाहिलं.

मी तिच्याकडे पाहत राहिले. तिच्यावरची माझी नजर हटली असती तर बसमध्येही एखादी विहीर निघाली असती असं मला वाटत होतं. पुढं कितीतरी वर्षं तसंच वाटत राहिलं. रेल्वेच्या फलाटावर, गच्चीवर, तलावाच्या काठी. ती मोठी झाली, तिच्या हातात तो खेळ राहिला नाही, तरीही.

नागपूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा अंधार पडला होता. गर्दी होती, बाबा रिक्षा पाहायला पुढं गेले. बहीण चालायला लागली आणि तिला मागून ओढ बसली. तिनं वळून पाहिलं.

"आई, सोड ना. मला शू लागली."

"चल," आई म्हणाली. "मी येते."

"मी मोठी आहे. मी एकटी जाते."

"हो, मोठी आहेस," आई म्हणाली, आणि बंद तसेच मुठीत धरून तिच्या मागं मागं गेली.